पिंपातली चित्रं

पेणच्या आमच्या कारखान्यात मागच्या पडवीत एक पिंप होतं. त्याच्याबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही, देवाजवळही नाही. देवाजवळ तर काय काढणार? आमच्या घरी गणपतीच तयार व्हायचे. त्या दुपारीही दोन-चार कच्च्या मूर्ती फळीवर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांची आखणी राहिली होती म्हणून, नाहीतर त्यांनी तरी पाहिलं असतं.

बघा, लगेच फाटे फोडायला लागले. मला ही सवयच आहे.

रोह्याला माझ्या घरी रविवारी बायका शिकायला येतात. हल्ली याला मिक्स मीडिया म्हणतात. गोणपाटाचा तुकडा, भाताचं तूस, जुन्या साडीचा काठ, चहाचा चोथा, गंजलेली तार — असलं काहीबाही घेऊन एका फळीवर चित्र उभं करायचं. डिंक कुठे पातळ ठेवायचा, कापडाला सुरकुती कुठे पडू द्यायची, रंग द्यायच्या आधी काय वाळलं पाहिजे, हे मी बरं शिकवते. तेवढं मला येतं, यात खोटं नाही. मग चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, ताई, हे तुम्हाला सुचलं कसं? आणि मी सांगते: मी पेणची, खाडी जवळ, मिठागरं जवळ, गिरणीमागे तुसाचे ढीग, लहानपणी हे सगळं बघत गेले आणि सुचत गेलं. बायका माना डोलावतात. इतक्या वर्षांत हे उत्तर इतकं घोटून गुळगुळीत झालंय की बोलताना माझी जीभही अडखळत नाही.

मला काहीही सुचलेलं नव्हतं. सुचलं होतं ते शकूला.

शकू माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी धाकटी. एकाच घरात वाढलो, एकाच पांघरुणात झोपलो. माझा हात साफ होता. कमळाची पाकळी, मोराची मान, सोंडेवरची नक्षी, आजोबा सांगतील ती रेघ मी न थरथरता ओढायचे. आजोबा आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायचे. शकूची रेघ वाकडी जायची. पण त्या वाकड्या रेघेचं ती काय करायची — कसं सांगू? काकीचं माहेर खाडीकाठचं, मिठागरावरचं. शकू आजोळी गेली की तिथलं दाट खारं पाणी बाटलीत भरून आणायची. गोणपाटाचा तुकडा त्यात भिजवून उन्हात ठेवायची. पाणी उडून जायचं आणि धाग्याधाग्यावर मिठाचे खडे चमकायला लागायचे. तो तुकडा ती चित्रात चिकटवायची आणि त्याची खाडी व्हायची. तुसाचा डोंगर करायची. गेरूत बोट बुडवून एक फराटा मारायची, की झाली संध्याकाळ. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी बसून बघायचे, आणि हे माझ्या हातून का होत नाही, एवढंच मनात यायचं. मत्सर म्हणतात त्याला. तेव्हा मी त्याला नाव दिलं नव्हतं, मी फक्त म्हणायचे, शी, किती घाण करतेस गं.

चांगला कागद आमच्या घरात पोरींना कोण देणार? शकू रद्दीचे कागद खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठे करायची आणि त्यावर हे सगळं मांडायची. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

गणपतीचा मोसम संपला की आमच्याकडे कागदाच्या लगद्याचं काम चालायचं. पोपट, मुखवटे, मान हलवणारे म्हातारे. रद्दी फाडून पिंपात भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी उखळात कुटायची, त्यात खडूची भुकटी आणि मेथीची पूड मळायची. हे काम काकीचं, म्हणजे शकूच्या आईचं. काकीला अक्षर ओळखता येत नव्हतं. घरात आलेला कुठलाही कागद तिच्या हाती लागला की तो पिंपात जायचा. एकदा लग्नाची पत्रिका गेली होती, एकदा आजोबांचं पंचांग गेलं होतं. घरात त्यावरून हसणं व्हायचं. काकीही हसायची.

त्या वर्षी मुंबईचे एक चित्रकलेचे मास्तर मूर्ती न्यायला आले. दरवर्षी यायचे. त्यांनी आम्हा दोघींची कामं पाहिली आणि आजोबांना म्हणाले, दिवाळीनंतर पुन्हा येतो, तोवर पोरींना मन लावून काम करू द्या. एकीला घेऊन जातो, माझ्या बहिणीच्या घरी राहील, शाळेत घालतो चित्रांच्या. आजोबा एकीला सोडायला तयार झाले. दोघींना नाही. दोन पोरी गेल्या तर घरचे रंग कोण भरणार?

मास्तर माझी चित्रं बघताना ‘सफाई आहे’ म्हणाले होते. शकूचा मात्र एकेक पुठ्ठा खिडकीपाशी उजेडात नेऊन बघत बसले होते. मी काही बावळट नव्हते. कुणाला नेणार ते मला तेव्हाच कळलं.

शकूनं दिवाळीपर्यंत खूप काम केलं. सगळे पुठ्ठे जुन्या लुगड्यात बांधून तिनं पडवीच्या फळीखाली ठेवले, आणि आईला बजावलं, याला हात लावू नकोस. काकीनं कानाला हात लावून कबूल केलं.

आता ती दुपार. किती लांबवू?

जेवणं होऊन घर आडवं झालं होतं. शकू नदीवर धुणं घेऊन गेली होती. काकीनं सकाळीच रद्दी भिजत घातली होती, पिंप अर्धं भरलेलं होतं. मी फळीखालची लुगड्याची गासडी ओढली, गाठ सोडली. रागाच्या भरात केलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. राग नव्हता. मी शांतपणे एकेक पुठ्ठा उलटा धरून पाण्यात सोडत होते. चित्राची बाजू वर आली की मला बघवत नव्हतं, म्हणून उलटा. आधी मीठ गेलं. मग गेरूची लाली पाण्यावर पसरली. तूस सुटून वर तरंगायला लागलं, ते मी हातानं खाली दाबलं, आणि काठीनं सगळं तळाला ढकललं. लुगड्याची घडी करून मी ते काकीच्या चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. तिच्याच टोपलीत. हे सुचायला मला कुणाची मदत लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं तो लगदा उखळात घालून कुटला. मी शेजारी बसून पोपटांच्या चोची रंगवत होते. मुसळ खाली-वर होत होतं आणि मी ऐकत होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

शकू गासडी शोधायला लागली तेव्हा उखळात गोणपाटाचे धागे दिसले. आधी काकीनंच ते चिमटीत धरून वर काढले. मग टोपलीत लुगडं सापडलं. सगळं घर काकीकडे बघायला लागलं. आजोबा, माझी आई, मी. हो, मीही बघत होते. काकीनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. तिनं नाही म्हणायला पाहिजे होतं ना? ती म्हणाली, “माझ्याच हातून गेलं आसंल गो. मला कुठं कलतंय, कागद म्हंजे कागद.”

तिला काहीही आठवत नव्हतं, आणि तरी तिचा त्यावर विश्वास बसला. पत्रिका गेली होती, पंचांग गेलं होतं, तसंच हे. कुणी तिला खोटं पाडलं नाही, कारण ते इतकं खरं वाटत होतं. शकू रडली नाही. आईला एवढंच म्हणाली, “तुला सांगितलेलं.” त्यानंतर किती दिवस दोघींत फक्त कामापुरतं बोलणं होतं.

तो लगदा वाया घालवणं आमच्या घरात बसत नव्हतं. त्याचे पोपट झाले. हिरवे रंगवून विकले गेले.

मास्तर आले. मी माझी कमळं दाखवली. शकू पुढे आलीच नाही. मी मुंबईला गेले.

आणि तिथे मी काय केलं असेल? सफाईदार हात असलेल्या पोरी वर्गात भरपूर होत्या. वर्षभर मी साधारण राहिले. एकदा ‘आपल्या गावाकडचं काहीतरी करा’ असं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात एक रेघही येईना. मग मी गोणपाट आणलं. मिठाचं पाणी केलं. उन्हात ठेवलं. खाडी झाली. ते चित्र भिंतीवर लागलं, आणि तिथून माझं सगळं सुरू झालं — नाव, रोह्याच्या शाळेतली नोकरी, प्रदर्शनं, रविवारचे वर्ग. आधी तिची चित्रं बुडवली, मग तिची हातोटी उचलली. या दोन्हींत जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शकूचं लग्न पेणजवळच्या गडबला झालं. भातशेती, आणि हमरस्त्यावर छोटं दुकान. तिनं पुन्हा कधी काही चिकटवलं नाही. सणासुदीला माहेरी यायची, आईच्या पाया पडायची आणि माझ्या आईजवळ बसायची. काकी लांबून तिच्या ताटात वाढायची. हे मी वर्षानुवर्षं बघितलं. घरातल्यांना वाटायचं, शकूचा स्वभावच ताठ. मीही एक-दोनदा मान डोलावली आहे.

काकी अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोह्याहून दर आठवड्याला एसटीनं पेणला जायचे. सगळे म्हणायचे, पुतणी असावी तर अशी. एकदा मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, “नलू, वाटंत गडब लागतं ना तुला? शकूला सांगशील? म्हणावं, आयनं जाणूनबुजून नाय केलं. येकदा येऊन जा म्हणावं.”

मी हो म्हणाले. परतताना गडब आलं. दुकान दिसलं, शकू दारात उभी दिसली. मी उतरले नाही. पुढच्या खेपेला उतरले. शकूनं चहा केला, पावसाचं बोललो, मुलांचं बोललो. एवढंच तर म्हणायचं होतं, तुझी आई बोलावतेय. पण तो विषय एकदा निघाला की कुठवर जाईल? शकू विचारेल, त्या दिवशी दुपारी तू घरातच होतीस ना? तिनं कधीच विचारलं नसतं कदाचित. मी चहा पिऊन उठले.

काकीला मी सांगितलं, भेटले तिला. म्हणाली, मनात काही नाही. लावणी आटोपली की येते म्हणाली. लावणीचं मीच घातलं, म्हणजे खरं वाटेल.

“लावनीचे दिस हायत, तिचं बरोबर हाय,” काकी म्हणाली. आणि तिनं उशी दाराच्या बाजूला करायला लावली. लावणी संपायच्या आतच ती गेली.

शकू आजही गडबला आहे. दुकान मुलगा बघतो. माझं एखादं चित्र छापून आलं की दारावरच्या बायकांना दाखवते म्हणे, ही माझी बहीण. यातलं तिला काहीही माहीत नाही. मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही लिहीत नाही, कारण माझी मला ओळख आहे.

काकीचे दिवस झाल्यावर घर रिकामं झालं. मागच्या पडवीत आम्ही दोघीच होतो. शकू आईचं अंथरूण गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “शेवटाला माझं नाव काढलं का गो आयनं?”

काकीनं काढलं होतं म्हटलं असतं, तर शकू म्हणाली असती, मग चहाला आलीस तेव्हा का नाही सांगितलंस? हे एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

“नाही गं,” मी म्हणाले. “तशी शुद्धच नव्हती तिला.”

“वाटलंच मला,” शकू म्हणाली, आणि अंथरूण धुवायला घेऊन गेली.