शिवारात येणारी वाघीण

आमच्या डोंगरातल्या गावी वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, एका पोराला वाघ करतात. बाकीचे काठ्या घेऊन त्याला घेरतात आणि विचारतात, “आमच्या शिवारात येशील का?” वाघानं “नाही येणार!” म्हणायचं आणि धूम ठोकायची. मार चुकवत पळायचं, म्हणून वाघ व्हायला कुणी तयार नसायचं. पोरगी असून मीच व्हायचे. त्या पळापळीतच मी कबड्डी शिकले. पुढं रेल्वेच्या संघातून देशभर चढाया केल्या, आणि आदिवासी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मैदानात माती चारली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता जयपूरला रेल्वेच्या मैदानावर मुलींना शिकवते. शहरातल्या झोटवाडा भागात राहणाऱ्या आदिवासी मजुरांच्या घरोघरी फिरून मुली गोळा केल्या. तिथल्या बायांना काही अडलं की त्याही माझंच दार वाजवतात. गोळा केलेल्या मुलींतल्याच एका भिल्ल मुलीचे पाय म्हणजे वीज. राज्य संघाची निवड तोंडावर आली होती आणि माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. तेवढ्यात भांडणात एक मुलगी तिला “जंगली” म्हणाली. दुसऱ्या दिवशी भिल्ल मुलगी गुडघ्याच्या पट्ट्या परत द्यायला आली.

“मैडमजी, अब नहीं आऊँगी।”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओरडून उपयोग नव्हता. तरी मी ओरडलेच. मग सगळ्यांना सांगितलं, मीही जंगलातलीच, आणि आज सराव नाही, आज वाघबारस. तिथी कोण बघतंय! खेळ समजावला आणि तिला म्हटलं, “जायचं तर जा, पण आधी वाघ हो.”

मुलींनी तिला घेरलं. चिडवणारीच समोर होती. जरा अडखळत तिनं विचारलं, “हमारे खेत में आएगी?”

वाघ झालेलीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आऊँगी। रोज आऊँगी।”

आणि पळून जाण्याऐवजी ती थेट आत घुसली, चिडवणारीच्या खांद्याला हात लावला आणि कड्यातून बाहेर पडली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. चिडवणारीनंही वाजवल्या.

उत्तर साफ चुकलं होतं. असं उत्तर आमच्या गावात कुठल्याच वाघानं दिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी पट्ट्या तिच्या अंगावर फेकल्या.

“बाँध। देर हो रही है।”