हट्टेवालीच्या माळावरची पाटी

आज सोमवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. हातात ब्रश धरून मी एका बाईच्या वस्तीवर तिच्या नवऱ्याचं नाव लिहीत होतो.

किळस येते. आधी स्वतःची.

पुसेगावच्या पुढं आमची चाळीस घरांची वस्ती. सगळे म्हणतात 'हट्टेवालीचा माळ'.

हट्टेवाली म्हणजे हट्ट्याहून खाली गावात नांदायला आलेली, साऱ्या वस्तीची माय. आपल्याकडं सुनेला माहेरच्या गावानंच हाक मारतात. तिचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

या माळावर पहिली चूल तिची.

शेळ्या घेऊन एकटी वर आली, तेव्हा इथं नुसते दगड होते. तिनं झरा उकरला. पाणी लागलं, मग बाकीचे आले.

नवरा खाली गावातच राहिला. "येडी झाली" म्हणायचा. माळ एकदाही चढला नाही.

आज मायचं वर्षश्राद्ध. म्हणून वस्तीला पाटी, आणि पाटीचं काम माझ्याकडं.

परवा सरपंचांना विचारलं, "काका, मायचं नाव टाकायचं ना?"

"बाईमाणसाचं नाव वेशीवर? पाहुणे हसतील की, पेंटर."

मायचा थोरला लेक तंबाखू मळत म्हणाला, "बाबाचं टाक. मायला वाचता तरी कुठं येत व्हतं?"

सगळे हसले.

मी "व्हय" म्हणालो. सातवी शिकलेल्यानं सरपंचांपुढं काय बोलावं, अशी स्वतःची समजूत घातली.

'कै. ज्ञानोबा नगर.' खाली सरपंचांचं नाव, त्याहून मोठं.

वेलांट्या, उकार तीनदा तपासले. सगळं बरोबर.

आणि सगळं खोटं.

एकदा मायच्या घराचं दार रंगवायला गेलो होतो. म्हणाली, "लेकरा, माझं नाव लिवून दाव की. कसं दिसतंय बघू दे."

मी दारावर लिहिलं. तिनं त्यावर बोट फिरवलं. ओला रंग बोटाला लागला.

"येवढं मोठं हाय व्हय? कुणी घेतच न्हाई, मला वाटलं बारकं आसंल."

मग म्हणाली, "पुस आता. पोरं हसतील."

मी पुसलं.

आज पुन्हा मीच.

लोकांनी पाटीला हार घातला, फोटो ग्रुपवर टाकला, पेढे वाटले. वर्षश्राद्धाला पेढे! मी घेतला नाही.

रंगाचे सहाशे मी घातले. मजुरीचे आठशे सरपंचांकडं राहिले. मागायला जाणार नाही.

तिचं नाव सुभद्रा.

सुभद्राबाई.

पाटीवर नाही, पण इथं, या लिखाणात लिहिलंय. हे पुसणार नाही.

माय, माफ कर. तुझ्या झऱ्याचं पाणी प्यायलेल्या पोराचा नमस्कार.