कडक भाकरीचा आवाज

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेत शिपाईमामांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सोलापुरातल्या एका खासगी शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गात मला गडबड खपत नाही. म्हणून नोकरीच्या सुरुवातीलाच मी नियम केला होता: डब्यात पोळी-भाजी आणायची, कडक भाकरी नाही. आमच्याकडची ही भाकरी पापडासारखी वाजते. चाळीस मुलं एकदम खायला लागली की कान किटतात, चुरा सांडतो, मुंग्या येतात, शेंगाचटणीचं तेल वह्यांना लागतं. पालकांनी नियम निमूट पाळला आणि मी स्वतःवरच खूश होते.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी आली. हुशार आहे, पाढे तोंडपाठ आहेत, असं दुसरीच्या बाई म्हणाल्या होत्या. मला तसं काही दिसेना. आमची सकाळची शाळा. मधल्या सुट्टीनंतर तासाभरात तिचं बिनसायचं. शेजारणीची पेन्सिल मोडायची, चिमटे काढायची, नाहीतर बाकावर डोकं टेकून पडायची. सातचा पाढा विचारला की सात त्रिक एकवीसला अडकायची. मी ओरडायचे, मग ती आणखी बिथरायची. घरी भाजी निवडतानाही ती पोरगी माझ्या डोक्यातून जात नसे.

सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी पेन्सिलीने शेरा लिहिला: ‘आकलन कमी. वेगळ्या तुकडीत बसवावे.’ त्या तुकडीला मुलं ‘ढ वर्ग’ म्हणतात, आणि तिथे गेलेलं मूल सहसा परत येत नाही. आईशी बोलून मगच शेरा पेनाने पक्का करायचा, एवढी सवड मी ठेवली होती.

आई गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला. मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत आली तेव्हा मी जेवत होते. तिच्यापुढे तक्रारींचा पाढा वाचला आणि सरळ विचारलं, “घरी काय खाते ही?”

“सकाळी निस्ता च्या पिऊन येती,” ती म्हणाली. “डब्यात बिस्किटाचा पुडा देते.”

“रोज बिस्किटं? पोटाला काही नको का लेकराच्या?” माझा आवाज चढला.

ती माझ्या उघड्या डब्याकडे बघत राहिली. त्यात कडक भाकरी होती, शेंगाचटणी आणि दही.

“रोज पोळी कुटनं आणू, बाई? आमच्यात पोळी सणाला हुती. भाकरी चालत न्हाय म्हटला की तुमी. दुपारी घरला आली की भाकरी खाती, मग लई गुणाची असती. पाढेबी म्हणती.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला घास मी डब्यात ठेवला. चुरा आणि मुंग्या मला दिसल्या होत्या. चाळीस डब्यांत काय आहे, हे मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी इथे बसून निवांत भाकरी मोडत असे.

दुसऱ्या दिवशी नियम रद्द केल्याचं वर्गात सांगितलं आणि सुट्टीत माझा डबा घेऊन मुलांतच बसले. आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून त्या मुलीनेही भाकरी आणली होती, पण झाकण उघडून ती नुसती बसून राहिली.

“खा की गं,” मी म्हटलं.

“आवाज हुतोय, बाई,” ती हळूच म्हणाली.

मी माझी भाकरी मुद्दाम कडाकडा मोडली. तेव्हा कुठे तिने पहिला तुकडा तोंडात घातला.

लगेच काही जादू झाली नाही. चिमटे बरेच दिवस चालू होते. पण बाकावरचं डोकं उचललं गेलं, आणि दिवाळीनंतर एकदा शेवटच्या तासाला तिने सातचा पाढा न अडखळता सत्तरपर्यंत म्हटला. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी फळा पुसत बसले.

तिचा शेरा मी खोडरबराने पुसला होता. तरी मला स्वस्थता नाही. माझा नियम बरीच वर्षं चालला, आणि त्या वर्षांत तोच शेरा मी आणखी काही मुलांच्या प्रगतिपुस्तकांत लिहिला आहे, पेनाने. त्यांच्या डब्यात काय होतं, ते मला माहीत नाही.