उजवीकडचं स्टिअरिंग

लकवा मारल्यावर माझ्या मोठ्या भावाच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला. हव. आमच्या वऱ्हाडात 'हो' म्हणायचं असेल तर हव म्हणतात. जेवला का, तर हव. पाय दुखतो का, तर हव. एकदा मी चिडून विचारलं, "दादा, मी गाढव हाये का?" तेव्हाही हव. माझी बायको आतल्या खोलीतून हसली, मला मात्र हसू आलं नाही. मान हलवून तरी नाही म्हणावं, तर मानही वरून खालीच हलायची.

या एका शब्दाचा सगळ्यांनी आपापल्या सोयीनं अर्थ लावला. भेटायला येणारे म्हणायचे, बरं आहे हो, सगळं कळतं त्याला. दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुण्यात असते. तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि विचारलं, "बाबा, दिवाळी झाली की माझ्याकडे येता ना? कायमचं?" दादा म्हणाला, हव. ती तिकडे रडायला लागली, माझी बायको इकडे डोळे पुसायला लागली, आणि मी मोबाइल धरून उभा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या माणसानं उभं आयुष्य रिसोड ते मालेगाव, मालेगाव ते वाशीम जीप चालवण्यात काढलं, ज्याला पुण्यात लग्नाला गेलं तरी दुसऱ्या दिवशी परतायची घाई, तो म्हणे कायमचा जाणार. वहिनी गेल्यापासून तो माझ्याच घरात आहे. मी हे मानायला तयारच नव्हतो. तो हव म्हणतो कारण त्याच्याकडे दुसरं काही नाही, एवढं साधं कोणाला कळू नये?

वाशीमच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्याकडे आम्ही त्याला बोलायचा व्यायाम करायला नेत होतो, त्यांनी माझंच बरोबर ठरवलं. तुमच्या भावाला कळतं, पण तोंडातून आपोआप तोच शब्द येतो, असं त्या म्हणाल्या. आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सारखी परीक्षा घेऊ नका. दोन, त्यांना जे अगदी आतून माहीत आहे अशी एखादी वस्तू हातात द्या, कधी कधी न मागता शब्द येतो. पहिली गोष्ट मी ऐकली नाही. चहात साखरेऐवजी मीठ घालून दिलं. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "चांगला झाला?" हव. शर्ट उलटा घातला. "बरोबर हाये?" हव. बायको म्हणाली, "कायले छळून राह्यले त्याहिले?" मी म्हणालो, त्याच्या तोंडातून एक 'नाई' काढायचा आहे मला. पुतणी येण्याआधी. मग जाऊ दे त्याला कुठं जायचं तिथं. खोटं बोललो. त्यानं जाऊच नये असं वाटत होतं मला.

वस्तू कोणती, हा प्रश्न होता. जीप म्हणाल, तर ती विकली गेली. आणि मग मला ती सिनेमातली गाडी आठवली.

मी शाळेत होतो आणि दादा दुसऱ्याच्या जीपवर क्लीनर होता, तेव्हा स्टँडच्या मागे टिनाच्या शेडमध्ये एक व्हिडिओ हॉल होता. तिथं एक इंग्रजी सिनेमा लागायचा. त्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नसे, आणि कळायची गरजही नव्हती, कारण हिरो फारसा बोलतच नव्हता. बोलायची ती गाडी. काळी, दोन दारांची, हे एवढं लांब नाक, आणि आवाज असा की टिन थरथरायचं. शेवटी ती गाडी धडधडत येणाऱ्या रेल्वेच्या नाकासमोरून रूळ ओलांडते. तेव्हा पब्लिक शिट्ट्या मारायचं, दादा मात्र गप्प बसून हिरोचे हात बघायचा. गिअर कधी टाकतो, ते. पुढं त्याची स्वतःची जीप आली, तेव्हा बॉनेटवर त्या गाडीसारखे दोन पांढरे पट्टे पाहिजेत म्हणून माझ्या मागे लागला. मी तेव्हा नुकतंच रेडियमचं दुकान टाकलं होतं, नंबर प्लेटा आणि स्टिकर कापायचं. पट्टे मीच लावले. काळ्यापिवळ्या जीपवर ते कसे दिसले असतील ते सांगायला नको. लोक हसले, तो हसला नाही.

त्या गाडीचं मॉडेल मिळतं हे मला ऑनलाइन कळलं. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं. खोका आला, उघडला, आणि माझं डोकं गरम झालं. मला वाटलं होतं गाडी येईल. आत नुसत्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, आणि त्या जाळ्यांना चिकटलेले बारीकसारीक तुकडे. आरसे, वायपर, सायलेन्सर, सगळं सुटं. सोबत एक कागद, त्यावर शब्द कमी आणि बाण जास्त. बायकोनं डोकावून पाहिलं आणि विचारलं, हे मोडून आलं का.

पण कटर चालवणं हा माझा धंदा. दुकानात काम कमी असलं की मी घरी यायचो, दादाच्या खाटेला लागून पाट टाकून बसायचो. एकेक तुकडा जाळीतून सोडवायचा, कडा घासायची, चिमट्यानं धरून चिकटवायचा. प्रत्येक तुकडा आधी दादाच्या डाव्या तळहातावर ठेवायचा, कारण उजवा हात गेलेला. "हे काय हाये? चाक?" हव. "का स्टेपनी?" हव. "का पोळी हाये?" हव. आणि नजर भिंतीवरच्या पालीकडे. इंजिन पूर्ण झालं, त्याच्या पंख्याच्या पट्ट्यासकट. मोठ्या उमेदीनं त्याच्यासमोर धरलं. ज्या माणसानं रस्त्याच्या कडेला झोपून निम्मं आयुष्य इंजिनाखाली घालवलं, त्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

मग मी ओरडायचो. हे लपवण्यात अर्थ नाही, आमच्या गल्लीनं ते ऐकलं आहे. "अरे पाह्य ना तिकडं! मी कोणासाठी करून राह्यलो हे?" तो म्हणायचा, हव. माझा आवाज जितका वर जायचा तितका त्याचा हव खाली जायचा, शेवटी नुसते ओठ हलायचे. बायको येऊन माझ्या हातातलं सामान काढून घ्यायची. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो आणि स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारायचो. दिवाळी तोंडावर आलेली. पुतणीनं तिकडे खोली तयार केली होती, संडासात धरायला दांडे बसवले होते, त्याचे फोटो पाठवले होते. दांडे बसवणारी माणसं ऐकत नसतात.

गाडीचा सांगाडा काळा झाला, नंबर प्लेटांसाठी जो फवारा वापरतो त्यानंच. पट्टे रेडियमचे. खरं सांगायचं तर गाडी झकास दिसत होती, आणि तेच बघवत नव्हतं. आतलं काम फक्त राहिलं होतं, सीट आणि डॅशबोर्ड. डॅशबोर्डचा तुकडा सोडवताना मी रागात होतो. कटरला नको तितका जोर दिला, तुकडा मधोमध तुटला आणि अर्धा कुठं उडाला देव जाणे. मी सगळी खोली रांगत शोधली. बायकोनं झाडूनही पाहिलं, मिळाला नाही. पुतणी दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला येणार होती.

मग नंबर प्लेटच्या शीटमधून मी नवा डॅशबोर्ड कापला. मीटरच्या जागी गोल स्टिकर लावले, शर्टाच्या गुंडीएवढं स्टिअरिंग चिकटवलं, सीट बसवल्या, वर टप, म्हणजे छत, लावला. हाताला जशी सवय तसं झालं. गाडी वाळल्यावर दादाच्या तळहातावर ठेवली, आणि या वेळी काही विचारलं नाही. विचारायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. मी पाटावर बसून चिमट्याला लागलेला गोंद नखानं खरवडत राहिलो.

दादानं गाडी डोळ्यांजवळ नेली. पुढून पाहिली. मग अंगठ्यानं फिरवून काचेतून आत पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. लकवा मारल्यापासून त्याच्या कपाळावर मी आठी पाहिली नव्हती, चेहरा कसा इस्त्री केल्यासारखा असायचा. त्यानं गाडी मांडीवर ठेवली आणि डाव्या हाताच्या बोटानं काचेवर टकटक केलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टकटक. "हव," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडल्यासारखी मान झटकली. "हव. ह... न... नाई."

मला कळलंच नाही. मी म्हणालो, काय?

"नाई!" बोट काचेवर. "नाई, नाई!"

मी वाकून आत पाहिलं आणि मग दिसलं. स्टिअरिंग उजवीकडे होतं. सिनेमातला हिरो डावीकडे बसायचा, तिकडच्या गाड्या तशाच असतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत, आणि मला तर तो सिनेमा पाठ. पण मी आयुष्यभर दादाच्या जीपमध्ये त्याच्या डाव्या हाताला बसलो. माझ्या हातानं ड्रायव्हरला उजवीकडेच बसवलं, आपल्याकडे बसतो तिथं.

मी रडलो. मोठ्यानं रडलो, बायको धावत आली, तिला वाटलं भाऊजींचं काही बरंवाईट झालं. मी तिला सांगितलं, नाई म्हणाला, दादा नाई म्हणाला. ती म्हणाली, "मंग रडता काहून?" दादालाही आता चेव आला होता. हे चाक आहे का? हव. ही पोळी आहे का? नाई. हिचं नाक आखूड आहे का? नाई, आणि वर नाराज नजर. अगदी जिथला शब्द तिथं. संध्याकाळभर आम्ही तेच करत बसलो, तो दमला तरी मी थांबेना. मनातून मी जिंकलो होतो. उद्या पुतणी येईल, मी तिच्यादेखत विचारीन, आणि तो नाई म्हणेल. तिला वाईट वाटेल, दांडे फुकट जातील, काय करणार.

सकाळी चहा झाल्यावर मला दम निघेना. ती मेहकरपर्यंत, म्हणजे तासाभराच्या अंतरावर, पोचल्याचा फोन आला होता. मी दादाच्या खाटेवर त्याच्यासमोर बसलो आणि शांतपणे विचारलं, "तुले पुन्याले जाचं हाये का?"

"हव."

मी हसलो. म्हटलं, जुनी सवय, एवढ्यात कशी जाईल. प्रश्न फिरवून टाकला. "इथं राह्यतं का? माह्याजवळ?"

त्यानं वेळ घेतला. तोंड डावीकडे ओढलं गेलं, गळ्यातली शीर वर आली. शब्द त्याला खालून ओढून काढावा लागत होता हे मला दिसत होतं, आणि तो कोणता आहे हेही दिसायला लागलं होतं.

"नाई," दादा म्हणाला.

मी पुन्हा विचारलं, मग उलट करून विचारलं, मग खिडकी, खाट, चहा असलं भलतंच काही मध्ये घालून विचारलं. उत्तर फिरलं नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बायको ऐकत होती. काहून, हे विचारायचं होतं मला. पण काहूनचं उत्तर द्यायला त्याच्याकडे शब्द कुठं होते. म्हणून मीच एकेक कारण त्याच्यापुढं ठेवत गेलो. इथं जेवण जात नाही? नाई. हिचं काही चुकलं? नाई, लगेच, जोरात. पोरीची आठवण येते? हव. तेवढंच? तेवढ्यासाठी?

त्यानं नजर खाली वळवली.

मग मी ते विचारलं. "दादा, मी वरडतो म्हनून?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. आता त्याच्याजवळ दोन शब्द होते. त्यातला एकही त्यानं वापरला नाही.