डाव्या बाजूचं वजन

माझ्या आयुष्यात मला जितक्या वेळा मनापासून देव आठवला, त्यातल्या बहुतेक वेळा मी माझ्या भाऊजींच्या डाव्या बाजूला बसलेलो होतो. मी जबलपूरला दोन लढायांची बातमी ऐकली, भोंगे ऐकले, खिडक्यांना काळा कागद चिकटवला, पण शत्रूच्या विमानांनी मला कधी इतकं घाबरवलं नाही, जितकं रविवारी सकाळी भाऊजींच्या एका वाक्याने घाबरवलं. ते वाक्य असं : "चला साळेसाहेब, जरा बरगीपर्यंत जाऊन येऊ." हे म्हणताना ते इतके प्रेमळ हसायचे की, ज्याला पुढचं माहीत नाही अशा माणसाला वाटावं, काय भाग्यवान मेहुणा आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात ते फौजेच्या ट्रकांच्या कमानी बनवायच्या खात्यात होते. कमानी म्हणजे चाकावर एकावर एक रचलेल्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी तोलून असते. दिवसभर ते लष्कराला तोलायचे आणि उरलेल्या वेळात त्यांची ती मोटार. इंग्रज जाताना त्यांच्यातला कुणी साहेब ती मागे टाकून गेला होता. दोन माणसांची, टप नसलेली, पुढे लांब नाक, चाकांना सायकलीसारख्या तारा, मागे पाठीवर बांधलेलं जादा चाक. शर्यतीची गाडी होती म्हणे. आमच्या वेळेपर्यंत शर्यत उरली होती ती फक्त तिच्यातून गळून पडणाऱ्या नटबोल्टांची, की आधी कोण रस्त्यावर पोचतो. भाऊजी त्यांना नावानिशी ओळखायचे. गाडी चालवता चालवता खण्‌ असा आवाज झाला की मान जराशी कलती करून म्हणायचे, "मागच्या शॉकअपचा. येताना उचलू."

ह्या शॉकअपांचं, म्हणजे दचके गिळणाऱ्या त्या डब्यांचं, तेल बाजारात मिळत नसे, म्हणून त्यांनी एरंडेलाचा प्रयोग केला. प्रयोग यशस्वी झाला, असं त्यांचं मत. गाडी खड्ड्यात गेली की डब्यातून एरंडेलाचा बारीक फवारा उडायचा आणि लहानपणी आईने नाक धरून पाजलेला प्रत्येक चमचा मला आठवायचा. रबरी बुशांची कथा निराळी. गाडीच्या सांध्यासांध्यांत जी रबराची कडी असतात ती झिजली की भाऊजींना चपलांचे तळ दिसू लागत. आमच्या क्वार्टरवर येणारे पाहुणे हळदीकुंकवालाही चपला हातात घेऊन आत यायचे. शेजारच्या भाभी तर दारातूनच विचारायच्या, "दीदी, भाईसाब ड्यूटी पे हैं ना?" आणि 'हो' ऐकल्यावरच पायातून चप्पल काढायच्या.

त्यांच्या मापाचं एकच साधन होतं, ते म्हणजे उजव्या हाताची चार बोटं. चाकाचा टायर आणि वरचा मडगार्ड ह्यांच्या मधे चार बोटं बसली पाहिजेत, डावीकडेही आणि उजवीकडेही, म्हणजे गाडी तोलात आहे. पण माणूस नादिष्ट असला की माप गाडीपुरतं राहत नाही. पाळणा टांगताना दोऱ्यांना चार बोटं, लोणच्याच्या बरणीत तेलाला चार बोटं. एकदा वडील जबलपूरला आले होते, ते दुपारी आरामखुर्चीत झोपले असताना भाऊजींनी खुर्ची डावीकडे कलते म्हणून तिच्या खाली हात घातला, आणि वडील उठून बसेपर्यंत खुर्चीला ग्रीस लावून मोकळे झाले. वडिलांचं त्यांच्याविषयीचं मत तसं लग्नाआधीच ठरलेलं होतं.

त्याला कारणही तसंच झालं होतं. मुलगी पाहायला आले तेव्हा आमच्याकडे रीतीप्रमाणे सगळं झालं. पोहे झाले, ताईने नाव सांगितलं, चालून दाखवलं, भरतकामाचा रुमाल फिरला. मग वडील म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." भाऊजी खाली बघत, अगदी लाजत म्हणाले, "मुलीचं वजन किती असेल?" माझ्या हातातली बशी तशीच राहिली. वडिलांचा चेहरा असा झाला की आता हे स्थळ दरवाज्यातून जातं की खिडकीतून, एवढंच ठरायचं बाकी आहे. तेवढ्यात ताई, जी अशा वेळी जमिनीकडे बघत बसायला हवी होती, वर बघून म्हणाली, "काहून? उचलून न्यायचं आहे काय?" भाऊजी घाबरून म्हणाले, "नाही नाही, डावीकडची कमान बसवायची होती." आणि मग गाडीचं सगळं सांगत सुटले, की शेजारी कोण बसणार हे कळल्याशिवाय गाडी तोलात येत नाही, ते आजवर थांबून राहिले आहेत वगैरे. वडिलांना हा माणूस वेडा वाटला. ताईने रात्री आईला सांगितलं, "मला चालेल." का चालेल, हे तिने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

लग्नानंतर ते तिला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले ते जबलपूर स्टेशनवर. का, तर तिथे नाणं टाकून वजन सांगणारं यंत्र होतं. वजनाच्या चिठ्ठीमागे भविष्य छापलेलं असायचं. ताईच्या चिठ्ठीवर 'प्रवास सुखाचा होईल' असं होतं. दुसऱ्याच रविवारी दोघं गाडीतून बरगीच्या रस्त्याला लागली. इथे भाऊजींच्या कारखान्याने घात केला. दिवसभर ज्या माणसाच्या हाताखालून तोफा ओढणारे ट्रक जातात त्याला ताकद कमी पडेल अशी एकच भीती असते. बायकोसाठी कमान बळकट हवी, म्हणून त्यांनी तिच्यात ट्रकच्या कमानीची एक पट्टी वाढवून ठेवली होती. आता ट्रकची पट्टी दबायला ट्रक लागतो. ती ताईने काय दबणार. एका मोरीवर गाडी उडाली, ताई सीटवरून वर गेली, आणि ती खाली आली तेव्हा खाली गाडी नव्हती. कुण्या भल्या शेतकऱ्याने कडेला कडबा टाकला होता, त्यात ती बसली. भाऊजी बोलत बोलत बरेच पुढे गेले. त्यांना वाटलं, नवी नवरी आहे, ऐकून राहिली आहे. ताई घरी आली ती बैलगाडीतून. दारातच तिने सांगितलं, "ह्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही."

पासष्टची लढाई तेव्हा तोंडावर होती. ती लागली, संपली, एकाहत्तरची आली. एका लढाईपासून दुसरीपर्यंत ताई त्या गाडीत बसली नाही. मंडईत सायकलरिक्षाने गेली, माहेरी रेल्वेने गेली, ओमतीच्या बाजारातून सामानाचं ओझं डोक्यावर आणावं लागलं तरी शेजारून रखडत चाललेल्या गाडीकडे तिने वळून पाहिलं नाही. भाऊजी एका शब्दाने आग्रह करायचे नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांचं एकच काम झालं. ट्रकची पट्टी काढली, मूळची बसवली, ती कानस मारून पातळ केली, पुन्हा बदलली. ताई निर्धास्त बसेल अशी ती डावी बाजू करायची, एवढाच त्यांचा ध्यास. त्यासाठी डावीकडे वजन हवं. आणि नेमका मी त्याच कारखान्यात कारकून म्हणून लागलो आणि बहिणीकडे राहायला आलो.

पण मी पडलो काडी. ताईच्या वजनाला मी पुरेना. मग भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या जात्याचा वरचा दगड आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी आणि दगड मिळून ताई. बरगीच्या उतारावर समोरून वाळूचा ट्रक येतो आहे, एरंडेल उडतं आहे, मांडीवर जातं आहे, म्हणजे उडी मारावी तर तीही सोय नाही, आणि हा गृहस्थ विचारतो आहे, "कसं वाटून राहिलं?"

"भीती वाटून राहिली, भाऊजी."

"ते तुमचं झालं. तुमच्या ताईला कसं वाटेल?"

"ताई असती तर आतापर्यंत उतरली असती."

"चलो, म्हणजे अजून एक पट्टी घासावी लागेल," म्हणून ते खिन्न व्हायचे. कधी कधी म्हणायचे, "जरा तिच्यासारखे बसा ना." मग मी पदर सावरल्यासारखा दगड सावरून बसत असे. घरी आल्यावर ताई पुढे यायची. दगड हातातून घ्यायची, त्याच्यावरची धूळ पुसायची आणि जात्यावर ठेवायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात कारखाना घड्याळ विसरला. भाऊजी घरी येऊन कपडे बदलायचे आणि परत जायचे. माल भरलेले नवे ट्रक कुंडमच्या जंगलातल्या वळणांवर चालवून बघत, आणि कमानी कशा वागतात हे पाहायला भाऊजी त्यांच्याबरोबर जात. शहरात सगळीकडे तोंडं बारीक झाली होती. कुणी मोठ्याने दार लावलं तरी माणसं आभाळाकडे बघत. अशा एका दुपारी मी पाळी संपवून आलो तर शेजारच्या भाभी अंगणात उभ्या, पायात चपला तशाच. "दीदी, सुना है कुंडम रोड पे ट्रक पलट गया. दो आदमी दब गए."

ताई डबा भरत होती. तिने झाकण लावलं, पदराला हात पुसले. बस संध्याकाळशिवाय नव्हती. कारखान्याच्या फाटकावर आत काय चाललं आहे हे कुणी सांगत नसे. ती अंगणात गेली आणि गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

मी म्हणालो, "ताई, मला धड चालवता येत नाही. मला फक्त बसता येतं."

"मग बस. पण त्या बाजूला. काहून उभा राहिला?"

मी उजवीकडे बसलो. ती आत गेली आणि जात्याचा दगड घेऊन आली. मला वाटलं, घाबरून तिचं डोकं फिरलं. तिने तो माझ्या सीटमागे, माझ्या बाजूला टेकवला. "ही बाजू तुझ्या भाऊजींच्या वजनाची आहे, ते तुझ्याहून जड आहेत," ती म्हणाली. "डावीकडे आता दगड नको. तू आणि हा मिळून मी होते, हे काय मला माहीत नव्हतं?" मग डबा मांडीवर घेऊन ती डाव्या सीटवर बसली, सहा वर्षांनी.

मी गाडी कशी चालवली ते मला विचारू नका. गिअर कुठला होता ते गिअरलाही ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट मी शपथेवर सांगतो, ती गाडी उडाली नाही. शहर संपलं, सागवान सुरू झाले, रस्त्याला खड्डे तेच, पण गाडी एखाद्या समंजस म्हशीसारखी त्यांच्यात उतरायची आणि वर यायची. वळणावर कलायची नाही. डब्यातली आमटीसुद्धा सांडली नाही. इतकी वर्षं त्या गाडीची जी भीती मला वाटली होती ती गाडीत उरलीच नव्हती. ती सगळी ताईच्या बोटांत गेली होती. डब्याच्या कडीभोवती तिची बोटं पांढरी पडली होती. प्रत्येक वळण आलं की ती मान पुढे करायची, आणि वळणापलीकडे नुसता रस्ता दिसला की श्वास सोडायची. मला तर वळण यावं की न यावं तेच कळेना.

एका वळणापलीकडे माणसं दिसली. रस्ताभर लाकडाचे ओंडके पसरले होते आणि एक ट्रक कुशीवर पडला होता. मी ब्रेक दाबला. ताई उतरली नाही. मला म्हणाली, "तू बघ. मला बघवत नाही."

मी सीटवरूनच बघितलं. ट्रक फौजेचा नव्हता, जंगलातून लाकूड वाहणारा कुण्या ठेकेदाराचा होता. ड्रायव्हर आणि क्लीनर कडेला बसून बिडी ओढत होते, दबलं कुणीच नव्हतं. पलीकडे आमच्या कारखान्याचे ट्रक रस्ता मोकळा व्हायची वाट पाहत उभे होते, आणि त्यातल्या एकाच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायातली बहुधा वर कुठेतरी कामी आली असावी. मी हाक मारली, "भाऊजी." पाय हलले.

ते बाहेर आले, आधी मला पाहिलं, मग गाडी पाहिली, मग डावी सीट पाहिली. मला वाटलं, आता काही बोलतील. ते चालत आले, ताईच्या बाजूला वाकले आणि टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घातली. मग पलीकडे जाऊन माझ्या बाजूला घातली. मग पुन्हा तिच्याकडे आले.

"सारखी आहे," ते म्हणाले.

"डबा आणला आहे," ताई म्हणाली.

"दचके बसले काय?"

"नाही."

भाऊजी परत वाकले, जणू काही कमानीचं काही बघायचं राहिलं होतं, आणि बराच वेळ वर आले नाहीत. ताईने हात खाली सोडला आणि त्यांच्या डोक्यावरची ट्रकखालची माती झटकत राहिली. त्यांच्या कारखान्यातली सगळी मंडळी बघत होती. बघू देत, असा तिचा चेहरा होता.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. भाऊजी निवृत्त झाले, कारखान्याच्या क्वार्टरमधून स्वतःच्या घरात गेले, गाडीही त्यांच्याबरोबर गेली. दर रविवारी दोघं तिच्यातून बरगीला जातात. मागल्या वर्षी ताईला मोठं आजारपण आलं. उठली त्यातून, पण अंगावर काही उरलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. परवा मी गेलो होतो तेव्हा दोघं निघाली होती. भाऊजी बसले, ताई बसली, तरी गाडी उजवीकडे, भाऊजींकडे कललेलीच राहिली. मी इतक्या वर्षांत थोडं शिकलो आहे, मी म्हणालो, "भाऊजी, डावीकडची एक पट्टी काढली तर येईल तोलात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एकेकाळी वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं. "कमान बरोबर आहे, साळेसाहेब," ते म्हणाले, आणि उतरून आत गेले. आता त्या घरात दळत कुणी नाही, तरी जातं आहे. त्याचा वरचा दगड त्यांनी दोन्ही हातांनी आणला, ताईच्या पायांशी ठेवला, त्याच्यावर शाल नीट पसरली. वाकून चार बोटं घातली. ताई म्हणाली, "झालं काय?" ते म्हणाले, "झालं. चलो."

गाडी फाटकातून सरळ गेली. त्या गाडीची मला आता भीती वाटत नाही. वाटते ती इतकीच, की एखाद्या रविवारी तो दगड पुरणार नाही.