विभाताईंचा तळवा

विभाताईंच्या कोणी पाया पडायला वाकलं, की आशीर्वाद द्यायच्या आधी त्या पाऊल उचलून पुढे करत. "वाकलाच आहेस तर तळवाही बघून घे. काही लागलंय का? मला कळत नाही आणि नीट दिसतही नाही." सोसायटीत नव्याने आलेल्या सुना गोंधळून जात. आम्ही जुनी मंडळी मात्र निमूटपणे चष्मा लावून तळवा तपासत असू.

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत आणि केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादाचं काम करत. अकराव्या वर्षी त्यांना टाइप वन मधुमेह झाला. शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून इंजेक्शनं जन्मभराची. इतक्या वर्षांत डोळे अधू झाले होते, पावलांची संवेदना गेली होती. तरी मराठी मंडळाच्या पंगतीत कोणी "तुम्हाला गोड चालत नाही ना?" म्हणत श्रीखंडाचं भांडं पुढे नेलं, की त्या सगळ्यांदेखत पदर सारून पोटात सुई टोचत. "न चालायला काय झालं? वाढ."

त्या घरातसुद्धा अनवाणी चालत नसत. घात केला तो मी. संक्रांतीला आम्ही दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातो. एका वर्षी स्मारकापाशी सगळ्यांनी चपला काढल्या. ताई बुटांनिशी उभ्या होत्या. मी सवयीने म्हणालो, "ताई, बूट." चारचौघांनी वळून पाहिलं. जन्मात कुणाची भीड न बाळगलेल्या बाईला त्या दिवशी भीड पडली. बाभळीचा काटा तळव्यात रुतला, तो त्यांना कळलाही नाही. दोन दिवसांनी मोजा ओला लागला, तोवर जखम चिघळली होती. दीड महिन्याने डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

इस्पितळात मी त्यांच्यासमोर रडलो. "पुरे," त्या म्हणाल्या. "पाय माझा, बूट मी काढले. उगाच श्रेय घेऊ नकोस." दारात नर्स कुणाला तरी 'बेचारी' म्हणाली, तशा त्या तिकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, बेचारी नहीं. विभा नाम है, फाइल में लिखा है."

पुण्याहून त्यांचा धाकटा भाऊ सुहास दोघांची तिकिटं काढूनच आला. हे घर विकून ताईला कायमचं घेऊन जायचं त्याने ठरवलं होतं.

"ताई, आता तुला सांभाळायला कोणीतरी हवं."

"अकरा वर्षांची असल्यापासून रोज चार वेळा मीच मला सांभाळतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "एक तिकीट रद्द कर."

तो चिडून एकटाच परतला. पाच महिन्यांनी कृत्रिम पाय लावून ताई मेट्रोने ऑफिसला निघाल्या. पहिल्या दिवशी मी मागून चालत होतो, हात धरायचा नाही या अटीवर.

पुढे मूत्रपिंडं थकली. डायलिसिस सुरू झालं, तिथेही त्या अनुवादाचे कागद भिंगाखाली धरून वाचत. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर.

शोकसभेत एक गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, "शेवटी शुगरने नेलंच बिचारीला." चारचौघांत बोलायचा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी राग आवरला नाही. मी उठून उभा राहिलो.

"हो, नेलं," मी म्हणालो. "पण शुगरला त्यासाठी सेहेचाळीस वर्षं लागली."