आमच्याकडे असं नसतं

शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, फळ्याच्या वरच्या कडेला त्यांचा हात कधी पोचला नाही तरी. याच शाळेत त्या शिक्षिका म्हणून लागल्या आणि इथेच मुख्याध्यापिका झाल्या. कुठल्या खिडकीची कडी बसत नाही आणि कुणाला सोमवारी पहिला तास देऊ नये, हे त्यांना तोंडपाठ. घंटा होईपर्यंत वर्गांना कुलूप, हा नियमही त्यांचाच. गर्दीत एका मुलीचं बोट दारात चेंगरलं, तेव्हापासूनचा.

या वर्षी पलीकडच्या वस्तीतली सरकारी शाळा बंद झाली. तिची एकशे बारा मुलं आणि चार शिक्षक बाईंच्या शाळेत आले. बाईंनी बाकं मागवली, वेळापत्रक तीनदा खोडून लिहिलं, पाण्याचे नळसुद्धा स्वतः हिंडून दाखवले. सगळं मार्गी लागलं असं त्यांना वाटत होतं. आणि दुसऱ्याच महिन्यात त्या चौघांतले गणिताचे सर बदलीचा अर्ज घेऊन समोर आले.

"शुक्रवारपर्यंत पुढे पाठवलात तर बरं होईल."

"काही कमी पडलं का, सर?"

"छे. तुमची शाळा चांगली आहे."

नवी मुलं वर्गात तोंड उघडत ती फक्त या सरांच्या तासाला. सर गेले की ती मिटणारच, हे बाईंना दिसत होतं.

गुरुवारी संध्याकाळी घरी सुनेबरोबर शेंगा निवडताना त्यांनी तिच्यापाशी मन मोकळं केलं. "काय करायचं बाकी ठेवलंय मी? पहिल्याच दिवशी सगळ्यांना नीट सांगितलं, आमच्याकडे काय चालतं, काय नाही."

सून हसली.

"हसायला काय झालं?"

"काही नाही, आई."

"बोल की."

"लग्नाला पाच वर्षं झाली माझ्या. परवा पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, आमच्याकडे जेवणाआधी चहा घेत नाहीत. मी कप घेऊन उभी. वाटलं, जाऊन पाहुण्यांच्या रांगेत बसावं."

"अगं, बोलायची रीत असते ती."

"हो ना."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"काय सांगणार? घर चांगलं आहे तुमचं."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. सून खाली मान घालून निवडत होती. टोमणा होता की नुसतं सांगणं, कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी त्या अर्धा तास लवकर गेल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर दहाबारा नवी मुलं दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती आणि सर उकिडवे बसून खडूनं पायरीवरच अपूर्णांक मांडत होते.

"हे रोज चालतं, सर?"

"तिकडे मी लवकर वर्ग उघडायचो. घरी टेकायला जागा नाही अशी मुलं यायची. पहिल्या आठवड्यात विचारलं होतं तुम्हाला."

"मी काय म्हणाले?"

"आमच्याकडे घंटेआधी वर्ग उघडत नाहीत." सरांच्या आवाजात राग नव्हता. शुद्धलेखन घालावं तसे ते बोलले.

बाईंना हे म्हटल्याचं आठवतही नव्हतं. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"मग आपण..." नव्या कवळीसारखा तो शब्द तोंडात नीट बसेना. "आपण उघडायचा का वर्ग? पण दाराशी गर्दी होते. एका मुलीचं बोट चेंगरलं होतं."

"दोन दारं आहेत की. मागच्यानं आत, पुढच्यानं बाहेर."

इतक्या वर्षांत एवढं साधं सुचलं नाही, हे बाईंनी मुकाट्यानं गिळलं. "आमच्या मुलांनाही येऊ द्याल ना?"

सरांनी नुसतं पाहिलं.

"सगळ्यांना, म्हणायचं होतं."

"दाटीवाटी होईल. पण बसतील."

बाईंनी पर्समधून अर्ज काढला. "हा पाठवायचा का?"

सरांनी तो हातात घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. फाडला नाही. बाईंनी ते पाहिलं. आपणही इतक्यात फाडला नसता, असं त्यांना वाटलं. मग वर्गाची किल्ली सरांकडे द्यायला त्या नखानं जुडग्याची कडी उचकटू लागल्या. ती निघेना, तेव्हा सरांनी हात पुढे केला.